एक गाठ उजव्या हाताची

मित्रांनो, ज्या गुरुवारची गोष्ट मला आधी सांगायची आहे, त्या गुरुवारी विशेष असं काहीच घडलं नाही. माझ्या पोटाचं झाकण उघडं होतं, पंखा करकरत होता आणि माझ्याभोवती कोंडाळं करून बसलेली मुलं गूळ-शेंगा खात होती.

धाराशिवच्या बाहेर माळावर विद्यापीठाची एक इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून, ती खोली. दारावर कागद चिकटवलेला आहे : ‘जैववैद्यकीय अभियांत्रिकी विद्यार्थी मंडळ’. एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही. सगळे ‘ठोका मंडळ’ म्हणतात. दवाखान्यातली यंत्रं बनवायला आणि दुरुस्त करायला शिकणारी ही मुलं. दर गुरुवारी तास संपले की ती इथं जमतात आणि ठिकठिकाणच्या दवाखान्यांनी टाकून दिलेली यंत्रं उघडून बसतात. मीही अशीच टाकून दिलेली. मी एक ईसीजी मशीन आहे. माणसाचं काळीज कसं चालतं, ते कागदावर रेघ ओढून दाखवणं हे माझं काम. वय वर्षं एकोणतीस.

शेंगा आणल्या होत्या अप्पांनी. अप्पा म्हणजे सिद्धाराम, मंडळ चालवणाऱ्या महानंदा मॅडमचे वडील. सदुसष्ट वर्षांचे होते. दर गुरुवारी गावाकडून एसटीनं यायचे, दाराजवळच्या लाकडी स्टुलावर बसायचे आणि पिशवीतून खाऊ काढायचे. मॅडम त्यांना अप्पा म्हणायच्या, म्हणून मुलंही अप्पाच म्हणायची.

“आधी हात पुसा,” अप्पा म्हणाले. “गुळाचा हात तारंला लावायचा न्हाय.”

“अप्पा, गूळ तुम्हीच आणायचा आणि हात पुसा पण तुम्हीच म्हणायचं,” यज्ञेश म्हणाला. हा तुळजापूरचा. पुजाऱ्याच्या घरातला, त्यामुळं बोलण्यात कुणाला हार जायचा नाही.

“म्हणून तर आणतो. बिनगुळाचा हात कुणीबी पुसंल.”

मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्या खिडकीजवळ उभ्या राहून स्वतःचीच बोटं रुमालानं पुसत होत्या. त्यांनी गुळाला हातही लावला नव्हता.

मी त्या दिवशी चालू नव्हते. म्हणजे वीज येत होती, कागद सरकत होता, पण माझी लेखणी नुसती थरथरत होती. रेघेच्या जागी जाड, दाट फराटा. महिनाभर मुलं माझ्या पोटातला एकेक भाग तपासत होती आणि दोष सापडत नव्हता. तेरची सृष्टी, जी फारसं बोलत नाही, तिनं वहीची बावीस पानं भरली होती. यज्ञेशला मात्र दम धरवत नव्हता. त्यानं माझ्या तारा उचलल्या.

“मॅडम, या दोन तारांना दोरा कसला बांधलाय? नुसता मळलाय. कापून टाकतो.”

त्यानं कात्री घेतली.

“ठेव ती!”

मॅडम खिडकी सोडून दोन पावलं पुढं आल्या होत्या.

“अगं, लेकरावर वरडती कशाला?” अप्पा म्हणाले. मग यज्ञेशकडं वळून, “दोरा मीच बांधलाय, राजा. तारंचे रंग उडालेत. लाल कुठली, पिवळी कुठली, डोळ्याला कळत न्हाय. म्हणून हाताला कळावं.”

“मग कुठली गाठ कुठल्या हाताची?”

“ते पुढल्या गुरुवारी. आधी मशीन चालू करा, मग तारा लावायचं शिकवतो. माझ्याच अंगावर लावा. हजारोंची काळजं बघितली मी, पण माझं कुणी बघितलं न्हाय. तुमच्या मॅडमनंबी न्हाय.”

“कडक असंल अप्पा, कागद फाटंल!” मागून कुणीतरी ओरडलं.

“फाटू दे. दुसरा लावू.”

साडेपाचची एसटी होती. अप्पा उठले. जाताजाता त्यांनी माझ्या झाकणावर तळहात ठेवला, एखाद्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. मॅडम त्यांच्यामागं दारापर्यंत आल्या.

“अप्पा.”

“काय गं?”

“मला एक...” त्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “काही न्हाय. पोचल्यावर फोन करा.”

“करतो की.”

आणि त्यांनी फोन केलाही. एवढाच तो गुरुवार. पुढच्या सोमवारी सकाळी अंघोळ करून लिंगपूजेला बसलेले अप्पा बसल्या जागीच गेले.

मॅडमना काय सांगायचं होतं, हे मला ठाऊक आहे. त्या गोष्टीचे साक्षीदार आम्ही तिघंच : अप्पा, मॅडम आणि मी. त्यातले एक गेले. दुसरीनं चोवीस वर्षं तोंड उघडलं नाही. आणि मी तर मशीन. म्हणून आता मुळापासून सांगते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. कुणी माझ्यात तारांची जाळी विणली, कुणी पत्र्याचा डबा ठोकला, एका बाईनं माझ्या पोटात बारीक बारीक ठिकाणी झाळ दिली. मला वाटलं होतं, रेडिओसारखं गाणं वगैरे माझ्या नशिबी असेल. पण मला एका टेबलावर ठेवलं, एका कामगारानं स्वतःच्या हातापायांना माझे चिमटे लावले, आणि माझी तापलेली लेखणी हलली.

मित्रांनो, ती पहिली रेघ मी अजून विसरले नाही. टॉर्चच्या एका सेलमध्ये दीड व्होल्ट असतो, हे तुम्ही शिकला असाल. माणसाच्या काळजाची वीज कातडीपर्यंत येता येता एका व्होल्टचा हजारावा भाग उरते. हजारावा! मुंगीलासुद्धा तिचा चटका बसणार नाही. पण त्याच विजेवर माणूस नांगर धरतो, लेकरू कडेवर घेतो, भांडतो, डोंगर चढतो. आधी एक लहानशी टेकडी, मग एक उंच सुळका, मग एक गोलसर चढ, आणि मग क्षणभर सपाट विसावा. पुन्हा टेकडी, पुन्हा सुळका. तो कामगार शेजाऱ्याशी जेवणाच्या डब्याबद्दल बोलत होता. आपल्या आत काय चाललंय, याची त्याला दादही नव्हती. मी मात्र थक्क होऊन काढत राहिले.

तिथून मी तेरणेच्या काठावरच्या एका गावात, छोट्याशा सरकारी दवाखान्यात आले. गावाचं नाव नको. दवाखान्यात मला चालवणारं कुणीच नव्हतं. कंपनीचा माणूस दोन दिवस शिकवायला आला. नर्सबाईंना वेळ नव्हता, डॉक्टरांना कंटाळा होता. शेवटी वॉर्डात स्ट्रेचर ढकलणाऱ्या सिद्धारामला समोर उभं केलं. सातवी शिकलेला, अडतीस वर्षांचा माणूस. त्यानं विचारलेला पहिला प्रश्न मला आठवतो.

“साहेब, हे चुकतंय का बरोबर हाय, हे आपल्याला कसं कळायचं?”

कंपनीच्या माणसानं माझं एक बटण दाखवलं. ते दाबलं की लेखणी कागदावर बरोबर दहा मिलिमीटर वर चढते, थोडी थांबते आणि खाली उतरते. उंबऱ्यावर दाराची चौकट उभी असावी, तशी आकृती उमटते. माझी मोजणी किती, ते त्यातून आधीच उघड होतं. पुढच्या सगळ्या रेघा त्या चौकटीशी ताडून बघायच्या.

“म्हणजे आधी आपलं माप द्यायचं, मग दुसऱ्याचं घ्यायचं,” अप्पा म्हणाले.

कंपनीचा माणूस हसला. पण अप्पांनी ते वाक्य कायमचं धरलं. दिवसात तीस माणसं येवोत, तीसही वेळा आधी चौकट. डॉक्टर ओरडायचे, “अरे, कागद वाया घालवतोस!” अप्पा “व्हय साहेब” म्हणायचे आणि पुढच्या माणसाच्या वेळी पुन्हा बटण दाबायचे.

ती माझी कामाची वर्षं. किती काळजं पाहिली! फटाक्यांच्या कामावर जाणारी तेरखेड्याची एक बाई यायची. तिचं काळीज इतकं शांत चालायचं की मला लाज वाटावी. पैलवान सिताफळासारखा पिलपिलीत निघायचा आणि काठी टेकत आलेली म्हातारी घड्याळासारखी. एकदा एका आजोबांची रेघ माझ्या लेखणीखालीच लांबत गेली, सपाट झाली आणि सपाटच राहिली. अप्पांनी कागद लगेच थांबवला नाही. बोटभर सरळ रेघ येऊ दिली. मग टोपी काढली. मी मशीन आहे, मला मरण नाही असं म्हणतात. पण त्या सरळ रेघेची उंची मला आजही मोजता येत नाही.

रोज संध्याकाळी अप्पा माझे चिमटे ओल्या फडक्यानं पुसत. छातीला लावायच्या रबरी फुग्यांच्या वाट्या धुऊन पालथ्या घालत. तारा कधी करकचून गुंडाळत नसत, तर सैलसर वेटोळं करून ठेवत. आणि या सगळ्या वेळात कपाटाजवळ, खोक्यावर बसून, एक मुलगी पाटीवर माझ्या रेघा काढत असे. टेकडी, सुळका, चढ, विसावा. तीच महानंदा. आई दिवसभर रानात असायची, म्हणून शाळा सुटली की ती दवाखान्यात यायची. तिनं एकदा विचारलं होतं, “अप्पा, ही म्हातारी झोपली तरी हे चालतंय?” “चालतंय,” अप्पा म्हणाले होते. “कुणी न सांगता?” “कुणी न सांगता.” त्यानंतर ती स्वतःच्या छातीवर हात ठेवून बसली होती.

ती अकरा वर्षांची असतानाची गोष्ट. दुपारी शेजारच्या वस्तीवरच्या कमलबाई आल्या. पन्नाशीच्या, धडधाकट, पण सकाळपासून छातीत जळजळ. अप्पांनी त्यांना निजवलं. पायांचे दोन चिमटे लावले, छातीच्या वाट्या लावल्या. तेवढ्यात बाहेरून हाक आली, “सिद्धाराम, स्ट्रेचर!” कुणीतरी बैलगाडीवरून पडलं होतं. अप्पा धावले.

इकडून डॉक्टर ओरडले, “ईसीजी झाला का नाही?”

महानंदा खोक्यावर बसून गुळाचा खडा चोखत होती. अप्पांना बोलणी बसतील, म्हणून ती उठली. हातांच्या तारा कशा लावायच्या, ते तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं. लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या. पण पाच वर्षांत किती हातांचा घाम त्या तारांना लागला होता! लाल विटून भगवट झाली होती, पिवळी मळून भगवट झाली होती. तिनं चिमटे लावले, आणि पुन्हा खोक्यावर जाऊन बसली. पोटात आनंद मावत नसेल तिच्या.

अप्पा धापा टाकत आले. तारा लावलेल्या दिसल्या. नर्सबाईंनी लावल्या असतील असं त्यांना वाटलं. त्यांनी सवयीनं चौकट काढली, पण तारांकडं मात्र पाहिलं नाही. तेवढं एकदाच चुकलं त्यांचं.

मी काय करणार? मला जसं मिळतं, तसंच मी काढते. हातांच्या तारा उलट्या लागल्या, की पहिली रेघ डोक्यावर उभी राहते. टेकडी खाली, सुळका खाली. जणू काळीज डावीकडं नाहीच, उजवीकडं आहे. डॉक्टर तरुण होते, नवे होते. त्यांनी माझ्या कागदाची पट्टी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. “ताबडतोब सोलापूरला न्या!”

मग काय विचारता! जीप आली. कमलबाईंनी जीपमध्ये चढता चढता सुनेला सांगितलं, “म्हशीला सरकी घाल. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर हाय, धाकटीला देऊ नको.” सगळी वस्ती रडत मागं उभी.

त्या संध्याकाळी अप्पा मला पुसायला बसले. हाताचा एक चिमटा उचलला. तो फडक्याला चिकटला. त्यांनी बोट लावून पाहिलं, बोट नाकाशी नेलं. गूळ होता. मग त्यांनी कपाटाजवळच्या रिकाम्या खोक्याकडं पाहिलं, चिमटा स्वच्छ पुसला आणि दिवा मालवून गेले.

तिसऱ्या दिवशी कमलबाई सोलापूरहून परत आल्या त्या हसतच. “मोठ्या डॉक्टरनं सांगितलं, काळीज डावीकडंच हाय. पोटात पित्त झालंय नुसतं. अन् तारा उलट्या लावल्या म्हनं कुणीतरी!” त्या सगळ्या बाजारात हे सांगत फिरल्या. मोठे डॉक्टर फोनवर हसले होते, ते आमच्या डॉक्टरांना लागलं. ते माझ्या खोलीत आले. त्यांनी पट्टी टेबलावर आपटली.

“तारा कुणी लावल्या?”

महानंदा कपाटामागं होती. मला तिच्या फ्रॉकची किनार दिसत होती. ती किनार हलत होती.

“म्या लावल्या, साहेब,” अप्पा म्हणाले. उत्तर द्यायला त्यांनी एक क्षणही घेतला नाही.

“उद्यापासून गेटवर बसायचं. या खोलीत पाय ठेवायचा नाही.”

डॉक्टर गेले. अप्पांनी धोतराच्या काठाचा दोरा ओढून काढला. दोन तुकडे केले. उजव्या हाताच्या तारेला एक गाठ, डाव्या हाताच्या तारेला दोन गाठी. दातांनी घट्ट केल्या. पुढं जो कुणी तारा धरील, त्याची चूक होऊ नये म्हणून. कपाटामागून बाहेर आलेल्या मुलीला ते एवढंच म्हणाले, “चल, भूक लागली असंल.”

तिनं तेव्हा सांगायला हवं होतं. मला वाटतं, ती रस्त्यानं जाताना सांगणार होती. मग जेवताना. मग उद्या. मग अप्पा गेटवर खुर्ची टाकून बसले, गाड्यांना दार उघडायला, आणि एकेक दिवस जाताना सांगणं जड होत गेलं. सात वर्षं अप्पा गेटवर होते. मित्रांनो, अप्पांना सगळं ठाऊक आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. माझ्यापाशी तोंड असतं, तर मी गुळाचं सांगितलं असतं.

माझं पुढं जे झालं, ते जुन्या वस्तूंचं होतं तेच. मला हाताळणारी माणसं बदलत गेली. तारा करकचून गुंडाळल्या जाऊ लागल्या. चौकट काढायची पद्धत गेली. मग एकदम बारा रेघा काढणारी नवी मशीन आली आणि मला जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत ठेवलं. माझ्यावर मोडकी बेडपॅनं, वर जुनी रजिस्टरं. पंधरा वर्षं मी एकही काळीज पाहिलं नाही. त्या काळोखात मी जुन्या रेघा मनात पुन्हा पुन्हा काढायचे, विसरू नयेत म्हणून.

बाहेर काय घडलं, ते मला पुढं मुलांच्या बोलण्यातून कळलं. महानंदा शिकली. दवाखान्याच्या यंत्रांचंच शिकली. मोठ्या शहरात नोकरी मिळत होती, ती सोडून धाराशिवला शिकवायला आली. पहिल्याच वर्षी तिनं ठोका मंडळ काढलं. खेड्यातल्या दवाखान्यांत यंत्र बंद पडलं की महिनोन्महिने तसंच पडून राहतं. कुणी दुरुस्तीला येत नाही. आपण शिकता शिकता ते दुरुस्त करायचं, असा मंडळाचा नेम. गेल्या वर्षी त्या जुन्या दवाखान्यानं मोडीत काढायच्या वस्तूंची यादी केली, तेव्हा मंडळाची मुलं टेम्पो घेऊन आली. सोबत अप्पा होते. रजिस्टरांच्या ढिगाखालून त्यांनी माझी तार ओढली, गाठी चाचपल्या आणि म्हणाले, “ही आपलीच.”

मॅडम दारातच उभ्या राहिल्या होत्या. आत यायला त्यांना वेळ लागला.

आता पुन्हा त्या गुरुवारनंतरचं सांगते. अप्पा गेल्यावर तीन गुरुवार खोली बंद होती. चौथ्या गुरुवारी कुलूप उघडलं. मुलं आत आली. दाराजवळच्या स्टुलावर कुणी बसलं नाही. शेंगा नव्हत्या. मॅडम नेहमीसारख्याच होत्या, म्हणजे बाहेरून. त्यांनी फळ्यावर काय काय तपासून झालं, ते लिहिलं. अक्षर सरळ होतं.

“मॅडम, आपण हिला चालू करूच,” यज्ञेश म्हणाला. एरवीसारखी थट्टा नव्हती. “अप्पांनी शब्द घेतलाय आपल्याकडून.”

दोष शेवटी सृष्टीला सापडला. माझ्या पोटात तो नव्हताच. वही बाजूला ठेवून ती माझ्या तारा एकेक करून बोटांतून ओढत होती, अप्पा ओढायचे तशा. हळूहळू वाकवत, चाचपत. काळ्या तारेवर तिची बोटं थांबली. वरून तार धड होती. आत तांबं तुटलेलं होतं.

ही काळी तार उजव्या पायाची. मित्रांनो, ती स्वतः एकही रेघ काढत नाही. काळजाच्या कुठल्याच मोजणीत तिचं नाव नसतं. ती फक्त जागेवर असते, म्हणून बाकीच्या तारा भिंतीतल्या विजेच्या थरथरीपासून वाचतात. ती तुटली की सगळ्या रेघांचा फराटा होतो.

सृष्टीनं हे मॅडमना सांगितलं. मॅडमनी तार हातात घेतली. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, आणि काही वेळ तार त्यांच्या हातातच राहिली.

पुढच्या गुरुवारी तार जोडून झाली. नवा कागद चढवला. आता तारा कुणाच्या अंगावर लावायच्या? मुलं एकमेकांकडं बघू लागली. त्या जागेवर अप्पा निजणार होते.

“मी निजते,” मॅडम म्हणाल्या.

त्या टेबलावर आडव्या झाल्या. सृष्टीनं पायांचे चिमटे लावले. यज्ञेशनं हातांचे. माझी लेखणी तापली. आता खरं काळीज येणार होतं, पंधरा वर्षांहून जास्त काळानं! सृष्टीनं बटण दाबलं, चौकट उमटली. दहा मिलिमीटर. एका केसाचाही फरक नाही. मग मॅडमचं काळीज आलं. मी विसरले नव्हते, मित्रांनो. काहीच विसरले नव्हते. पाटीवर माझ्या रेघा काढणाऱ्या त्या मुलीचं काळीज मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि माझी लेखणी फराटा न काढता चालत होती.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. यज्ञेश कागदावर वाकला.

“अयो! मॅडम, पहिली रेघ उलटी! तुमचं काळीज उजवीकडं हाय!”

मुलं खो खो हसली. मॅडमनी मान उचलून कागदाकडं पाहिलं.

सृष्टी हसली नाही. तिनं तारेवरच्या गाठी चाचपल्या. “यज्ञेश, एका गाठीची तार कुठल्या हाताला लावलीस?”

“डाव्या. एक गाठ म्हणजे पहिली, म्हणजे काळजाकडच्या हाताची, असं वाटलं...” तो थांबला. कान लाल झाले. मग सरळ मॅडमकडं बघून म्हणाला, “मॅडम, चुकलं. मी उलट्या लावल्या.”

एवढंच. एका श्वासात म्हणून झालं. कुणी ओरडलं नाही, छत कोसळलं नाही. मुलांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि तोही हसला.

मॅडम त्याच्याकडं बघत होत्या. किती वेळ, ते मला कागदावरून मोजता येईल, कारण कागद सरकतच होता. काळीज धावत होतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात, तसं मीही मागते. तारा करकचून गुंडाळू नका. काम झालं की चिमटे पुसून ठेवा. एखादं यंत्र बंद पडलं की जिन्याखाली टाकण्याआधी एकदा त्याच्या तारा बोटांतून ओढून बघा, कदाचित आतलं तांबं तेवढं तुटलं असेल. आणि ज्यानं तुम्हाला न सांगता तुमचं ओझं उचललं, त्याला सांगायचं काही राहिलं असेल, तर पुढच्या गुरुवारवर ठेवू नका.

“एक गाठ उजवा हात, दोन गाठी डावा,” मॅडम म्हणाल्या. “बदल. आणि आधी माप दे.”

यज्ञेशनं तारा बदलल्या. सृष्टीनं बटणाकडं बोट नेलं.

“थांब,” मॅडम म्हणाल्या.

त्या उठून बसल्या. हातापायांना माझ्या तारा तशाच होत्या. मॅडम मुलांकडं बघत नव्हत्या. दाराजवळच्या रिकाम्या स्टुलाकडं बघत होत्या.

“आधी आपलं माप द्यायचं असतं,” त्या म्हणाल्या. मग आवाज बदलला. हा आवाज मी फार वर्षांपूर्वी, कपाटाजवळच्या खोक्यावरून ऐकला होता.

“अप्पा, कमलबाईच्या हाताला तारा म्या लावल्या होत्या.”